१७ नंबरचे पाय

पहिल्या रात्री कोचनी माझ्या हातात एक कोरा कागद दिला. “पांढऱ्या जर्सीतला ९ नंबर,” ते म्हणाले. “पूर्ण मॅच तेवढा एकच बघायचा. बाकी कुणी बर्फावर नाहीच असं समज. आणि गोल किती झाले ते मला सांगायचं नाही.”

नोव्हेंबर २०२२. टोरोंटोच्या पश्चिमेकडचं एक रिंक, बाहेर उणे सहा, आत त्याहून थोडं बरं. रबराच्या ओल्या चटयांचा आणि घामेजलेल्या सामानाचा वास. मी तेव्हा ४४ वर्षांचा, मूळचा कोल्हापूरचा, किचनरला सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करणारा. वय वर्षं १५ची मुलं आइस हॉकी खेळत होती आणि मला त्यातला एकच मुलगा बघायचा होता.

जमलं नाही. डोळा पकच्या, त्या रबरी चकतीच्या मागे पळतो. दोन मिनिटांनी भानावर यायचो तेव्हा ९ नंबर बेंचवर जाऊन बसलेला असायचा. आइस हॉकीत शिफ्ट चाळीस-पंचेचाळीस सेकंदांची. मुलगा जीव तोडून पळतो, मग बेंचवर, मग दुसरी फळी. त्या चाळीस सेकंदांतही पक त्याच्या स्टिकला लागतो तो क्षण-दोन क्षण. कधी लागतही नाही. उरलेला वेळ तो काय करतो, हेच मला बघायला सांगितलं होतं, आणि मी तर पक बघत बसलो होतो. मध्यंतराला कोचनी माझा कागद पाहिला. त्यावर तीन ओळी होत्या आणि तिन्ही त्याच्या शॉटबद्दल.

“बेंचवर कुणाशेजारी बसतो?” त्यांनी विचारलं. मला सांगता आलं नाही. “मान खाली घालून बसतो की मॅच बघतो?” तेही नाही. “बरं. अजून दोन पिरियड आहेत.”

मी या कामात आलो तो मुलीमुळे. ती मुलींच्या संघात डिफेन्सला खेळायची आणि पालकांपैकी कुणीतरी व्हिडिओ काढायचा असतो, तो मी काढायचो. कॅमेरा वर गॅलरीत लावून निम्मं रिंक चौकटीत येईल असा ठेवायचो, कारण सगळ्यांच्या मुली दिसाव्यात. एकदा संघाच्या बेंचवरच्या बाईंनी ते व्हिडिओ आपल्या जुन्या कोचना दाखवले. त्यांनी मला फोन करून विचारलं, “तू पकच्या मागे कॅमेरा का फिरवत नाहीस?” मी खरं कारण सांगितलं. त्यावर ते म्हणाले, शनिवारी माझ्याबरोबर गाडीत चल.

हे कोच म्हणजे एका ज्युनियर संघाचे स्काउट, संघासाठी नवी मुलं हेरणारे. त्यांचं नाव मी इथे घेत नाही, ते त्यांना आवडणार नाही. उत्तर ओंटारिओतल्या खाणींच्या गावातला जन्म, १६व्या वर्षी घर सोडून ओंटारिओ हॉकी लीग या ज्युनियर लीगमध्ये. तिथे मुलं ‘बिलेट’ म्हणून अनोळखी कुटुंबात राहतात. त्या घरच्या बाईंनी शिकवलेला बटाट्याचा रस्सा ते आजही करतात. १९८४ साली एनएचएलच्या, म्हणजे इथल्या सर्वांत वरच्या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये त्यांचं नाव आलं. ड्राफ्टमध्ये संघ आळीपाळीनं नवी मुलं निवडतात. तेव्हा ड्राफ्टच्या १२ फेऱ्या असत, आता ७ असतात. ते दहाव्या फेरीतले. एनएचएलचा एकही सामना त्यांच्या वाट्याला आला नाही. पंधरा वर्षं खालच्या लीगांमध्ये, रात्र रात्र बसनं, शेवटी जर्मनीत. ३३व्या वर्षी गुडघा आणि डोक्याला बसलेले मार यांनी थांबवलं. मग ज्युनियर संघांचे कोच, आधी सहाय्यक, मग मुख्य. एका हंगामात मधेच काढून टाकलं गेलं. त्यानंतर स्काउट.

“खेळाडू असताना मी पक बघायचो,” असं ते एकदा ४०१ महामार्गावर म्हणाले. “कोच झालो तेव्हा चुका बघायला लागलो. कोचला आजची रात्र जिंकायची असते, त्यामुळे आज कोण कुठे चुकतोय तेवढंच दिसतं. स्काउट झाल्यावर पहिली दोन वर्षं मी कोचच्याच डोळ्यांनी बघितली आणि चांगली चांगली मुलं खोडून टाकली.”

आमच्या कोल्हापुरात तालमीतला जुना पैलवान वस्ताद होतो. कुस्ती सुटते, पण सकाळचा हौदा सुटत नाही. माझ्या लहानपणी आजोबा मला गावोगावच्या जत्रांतल्या कुस्त्यांना न्यायचे. तिथे असे वस्ताद फडाच्या कडेला बसलेले असायचे. जिंकलेल्या पोराला लोक डोक्यावर घेत, पैसे लावत. वस्तादाचं लक्ष भलतीकडेच, कडेला उभ्या असलेल्या एखाद्या हडकुळ्या पोराच्या मनगटाकडे. मग त्याच्या घरी जायचे, आईबापाची अंगलट बघायचे, घरात दुभतं किती ते विचारायचे. त्या पोराला चार वर्षांनी काय होता येईल, याचा तो हिशोब असायचा. कॅनडातल्या रिंकवर कोच जेव्हा मला म्हणाले, “मुलाचे बूट बघ, आणि वर बसलेल्या बापाचे खांदे बघ,” तेव्हा मला त्यात काहीच नवं वाटलं नाही. १५ वर्षांचा मुलगा अजून वाढायचा असतो. किती वाढेल, ते थोडंफार गॅलरीतही लिहिलेलं असतं.

हे सगळं कशासाठी, ते सांगायला हवं. ओंटारिओ हॉकी लीगमध्ये २० संघ. दर वर्षी ते ओंटारिओतल्या आणि आसपासच्या १६ वर्षांखालच्या मुलांमधून निवड करतात. मी शिकत होतो तेव्हा ती १५ फेऱ्यांची होती. म्हणजे जेमतेम तीनशे नावं. ज्याचं नाव येतं त्याला पुढचा रस्ता दिसतो. ज्याचं येत नाही त्याला दहावीच्या वयात वाटतं की सगळं संपलं. ही नावं ठरतात आमच्यासारख्यांनी थंड गॅलरीत बसून लिहिलेल्या अर्ध्या पानाच्या रिपोर्टांवरून. मानधन नाममात्र, किलोमीटरमागे पेट्रोलचे पैसे आणि रिंकवरची कॉफी. पण त्या अर्ध्या पानाचं वजन मला पहिल्या महिन्यातच कळलं, आणि झोप उडाली.

कोच रिपोर्ट लाल पेनानं तपासायचे. माझे पहिले वीस रिपोर्ट रक्तबंबाळ झाले. ‘चांगला’ खोडलेला. ‘हुशार’ खोडलेला. ‘मेहनती’ खोडलेला. “मेहनती म्हणजे काय केलं त्यानं?” मग मी लिहायला लागलो: दुसऱ्या पिरियडमध्ये पक गमावल्यावर लगेच वळून आपल्या गोलपर्यंत परत आला, वाटेत दोनदा मागे बघून कुणाला धरायचं ते ठरवलं. असं लिहिलं की पेन थांबायचं.

काय बघायचं, ते असं एकेक करून कळत गेलं. सर्वांत आधी मान. पक आपल्याकडे येण्याआधी मुलगा खांद्यावरून मागे बघतो का, आणि किती वेळा? जो बघतो त्याला पक मिळतो तेव्हा पुढचं आधीच ठरलेलं असतं. जो बघत नाही तो पक मिळाल्यावर विचार करायला लागतो, आणि तोवर कुणीतरी त्याला बोर्ड्सवर, रिंकच्या कडेच्या भिंतीवर चेपलेलं असतं. (अंगावर धडक द्यायची मुभा इथे तेराव्या-चौदाव्या वर्षापासून आहे. त्याखालच्या मुलांना २०१३ पासून देशभर बंदी आहे, आणि ते फार चांगलं झालं.) मग पहिली तीन पावलं. सरळ रेषेत पूर्ण वेगानं पळणं बहुतेकांना येतं. थांबलेल्या जागेवरून तीन पावलांत वेग पकडणं फार थोड्यांना जमतं. मग कडा, म्हणजे ब्लेडच्या आतल्या आणि बाहेरच्या धारेवर वळताना गुडघा वाकतो की मुलगा ताठ उभा राहतो. डिफेन्समन असेल तर समोरून येणाऱ्याशी तो किती अंतर ठेवतो. आणि संघ चार गोलांनी मागे असताना त्याची शेवटची शिफ्ट. ती शिफ्ट बघितल्याशिवाय कोच उठायचे नाहीत. लोक पार्किंगमध्ये गाड्यांवरचा बर्फ खरवडत असायचे आणि आम्ही दोघंच वर बसलेले.

जन्मतारीखसुद्धा बघायला त्यांनीच शिकवलं. वयोगट १ जानेवारीला बदलतो. त्यामुळे जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला एकाच गटात खेळतात, जवळजवळ एक वर्षाचं अंतर असून. लहानपणी ते वर्ष म्हणजे चार बोटं उंची आणि पाच किलो वजन. मोठ्या दिसणाऱ्या मुलाला चांगला संघ मिळतो, चांगला कोच मिळतो, जास्त बर्फ मिळतो, आणि मग तो खरोखरच चांगला होतो. रॉजर बार्न्सली या कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञांनी १९८०च्या दशकातच हे आकड्यांनी दाखवलं होतं. मी कागदाच्या कोपऱ्यात जन्ममहिना लिहायला लागलो. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर दिसला की आणखी एकदा बघायचं.

गाडीतले तास हे माझं खरं शिक्षण. जाताना तास-दीड तास, येताना बर्फ पडत असेल तर तीन. एकदा मिसिसागावरून जाताना त्यांनी मॅनी मल्होत्राचा विषय काढला. मिसिसागात जन्मलेला, वडील भारतीय वंशाचे. १९९८च्या ड्राफ्टमध्ये न्यूयॉर्क रेंजर्सनी त्याला सातव्या क्रमांकावर घेतलं. इतक्या वर उचललेल्या मुलाकडून लोक गोलांची अपेक्षा करतात. तो गोल करणारा झाला नाही. तो झाला फेस-ऑफ, म्हणजे खेळ सुरू होतानाची पकसाठीची झटापट जिंकणारा, संघाचा एक खेळाडू बाहेर असताना किल्ला लढवणारा, आणि असा ९९१ सामने खेळला. २०११च्या मार्चमध्ये पक डाव्या डोळ्यावर बसला, शस्त्रक्रिया झाल्या, तरी त्याच जूनमध्ये तो स्टॅन्ली कपच्या, एनएचएलच्या विजेतेपदाच्या अंतिम फेरीत व्हॅन्कुव्हरकडून उतरला. मग कोचिंग. त्याच १९९८च्या ड्राफ्टमध्ये १७१व्या क्रमांकावर पावेल दात्स्युक होता. आधीच्या दोन वर्षांत त्याला कुणी शिवलंही नव्हतं. डेट्रॉइटचे युरोपातले स्काउट हाकान अँडरसन दुसऱ्याच मुलाला बघायला गेले होते आणि नजर या छोट्या चणीच्या मुलावर थांबली. दोन स्टॅन्ली कप, आणि २०२४ मध्ये हॉल ऑफ फेम.

“सातव्या नंबरवाल्याबद्दल स्काउट चुकले का?” कोचनी विचारलं.

मी म्हणालो, चुकले. गोल करील म्हणून घेतला होता ना.

“९९१ सामने,” ते म्हणाले. “त्या स्काउटना त्याच्यात जे दिसलं ते होतंच. फक्त त्यानं त्याचं दुसरंच काहीतरी केलं.” मग बराच वेळ वायपरचाच आवाज.

१७ नंबर मला दिसला तो २०२३च्या ऑक्टोबरमध्ये. ब्रॅम्प्टनचा मुलगा, डावखुरा सेंटर, जन्म नोव्हेंबर २००८. आडनाव पंजाबी. खरं सांगतो, यादीत ते नाव वाचलं तेव्हाच माझं मन त्याच्याकडे झुकलं होतं. या रिंकवर माझ्या मुलीला काय काय ऐकावं लागलं ते मी विसरलेलो नाही. ती बारा वर्षांची असताना समोरच्या संघातली एक मुलगी तिला जे बोलली, ते तिनं मला गाडीत सांगितलं आणि नंतर तो विषय कधी काढू दिला नाही. त्यामुळे तो मुलगा हेल्मेटची पट्टी बांधत बर्फावर आला आणि मला वाटलं, हा पोचला पाहिजे.

त्याची आई गॅलरीत शाल पांघरून बसायची, थर्मासमधून चहा काढायची. तिसऱ्या सामन्याला तिनं मला ओळखीचं हसून शेजारची जागा दाखवली, डबा पुढे केला. पराठ्यांचा वास आला. स्काउटनं पालकांजवळ बसायचं नसतं. मी हात जोडले आणि वर जाऊन कोपऱ्यात बसलो. ती नजर मला दोन पिरियड टोचत राहिली.

माझा रिपोर्ट कोचनी वाचला आणि या वेळी लाल पेन उचललंच नाही. कागद बाजूला ठेवला. पुढच्या सामन्याला त्यांनी दारावर मिळणारी खेळाडूंची यादी घेतली आणि नावांची बाजू मागे दुमडली. फक्त आकडे राहिले. “आता बघ.”

मी बघितलं. मान उत्तम होती. पक येण्याआधी दोनदा, कधी तीनदा मागे बघायचा. पास असे द्यायचा की घेणाऱ्याला वेग कमी करावा लागत नसे. पण तिसरं पाऊल पुरत नव्हतं. थांबलेल्या जागेवरून निघाला की तिसऱ्या पावलाला ढिला पडायचा, आणि डावीकडे वळताना ताठ उभा राहायचा, गुडघा वाकतच नव्हता. आधीच्या तीन सामन्यांतही ते तसंच होतं. माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मी लिहिलं नव्हतं. मी एका मुलावर अन्याय होऊ नये म्हणून दुसऱ्या कुणावर तरी करत होतो, कारण यादी तीनशेचीच आहे.

परतताना मी गप्प होतो. केंब्रिजच्या अलीकडे पेट्रोल भरायला थांबलो तेव्हा कोचनी पाकिटातून घडी घालून झिजलेला एक कागद काढला. टंकलेखन यंत्रावरचा, कार्बन कॉपी, १९८४चा. त्यांना ड्राफ्टमध्ये घेणाऱ्या संघाच्या म्हाताऱ्या स्काउटनं निवृत्त होताना आपल्या फायलीतून त्यांना दिलेला, त्यांच्यावरचाच रिपोर्ट. शेवटच्या ओळीचा अर्थ असा होता: हात फार चांगले. पाय पोचणार नाहीत.

“वाचलं तेव्हा मी ४६ वर्षांचा होतो,” ते म्हणाले. “आठवडाभर राग आला. मग सगळे सामने आठवले. पोचले नाहीत ना पाय. त्यानं बरोबर लिहिलं होतं.”

मला वाटलं, संपलं. १७ नंबरवर फुली मारा असंच ते सांगणार. पण ते पंपाकडे बघत पुढे म्हणाले, “त्याच वर्षी, त्याच ड्राफ्टमध्ये लुक रोबिटाय होता. नवव्या फेरीत, १७१वा. त्याच्या पायांवरही सगळ्यांना हीच शंका होती. त्यानं एनएचएलमध्ये ६६८ गोल केले. एकच वर्ष, एकच शंका, माझ्याबद्दल खरी, त्याच्याबद्दल खोटी. म्हणून तारीख लिही. या तारखेला, या रिंकवर, पाय असे होते. पोचणार नाहीत, हे लिहायचं आपलं काम नाही.”

१७१ हा आकडा तेव्हा माझ्या लक्षात आला. दात्स्युकचाही तोच.

त्या रात्री मी रिपोर्ट पुन्हा लिहिला. मान, पास, सगळं ठेवलं. खाली तारीख घालून तिसरं पाऊल आणि डावीकडचं वळण लिहिलं. नोव्हेंबरचा जन्म, वडील सहा फुटांच्या वर, बूट मोठे, हेही लिहिलं. शेवटी: शरद ऋतूत पुन्हा बघावं.

एप्रिल २०२४ मध्ये १५ फेऱ्या झाल्या. त्याचं नाव आलं नाही. आमच्या संघानंही घेतलं नाही. मी संगणकासमोर शेवटच्या नावापर्यंत बसून होतो, बायको दोनदा जेवायला बोलावून गेली. त्याच्या आईचा डबा आठवत होता. आदल्या वर्षी मी असा बसलो असतो तर बहुधा स्वतःला समजावलं असतं की जग अन्यायी आहे. या वेळी मला ठाऊक होतं की मी जे पाहिलं तेच लिहिलं, आणि त्यानं दुःख कमी झालं नाही.

त्या वर्षात बाकी बरंच बदललं. नोव्हेंबर २०२४ मध्ये अमेरिकेतल्या कॉलेज हॉकीनं निर्णय घेतला की कॅनडातल्या मोठ्या ज्युनियर लीगांमध्ये खेळलेली मुलंही १ ऑगस्ट २०२५ पासून तिथे खेळू शकतील. आधी एका बाजूला गेलं की दुसरं दार बंद व्हायचं, आणि १६व्या वर्षीच मुलाला ते ठरवावं लागायचं. आता उशिरा फुलणाऱ्या मुलाला थांबायला जागा झाली. कोचना हे फार आवडलं. अर्थात आमचं काम वाढलं, कारण आता १८-१९ वर्षांच्या मुलांकडेही पुन्हा बघायला हवं.

१२ जानेवारी २०२५, रविवार. १८ वर्षांखालच्यांचा सामना. कोचचा गुडघा आता जिने चढताना लागतो, म्हणून मी कॉफ्या घेऊन मागून चढलो. मुलगा दुसऱ्या संघात गेला होता, पण नंबर तोच. उंची चांगली तीन बोटं वाढलेली. आई तिथेच, तीच शाल. मी लांबूनच मान लववली, तिनंही. बर्फ गुळगुळीत करणारी झॅम्बोनी गाडी बाहेर गेली, बर्फ अजून ओला चमकत होता आणि मुलं बाहेर आली. जुना रिपोर्ट मी मुद्दामच वाचून आलो नव्हतो.

पूर्ण मॅच मी तेवढा एकच बघितला. शेवटची शिफ्ट संपली, संघ दोन गोलांनी हरला होता. मी तारीख आणि रिंक लिहून खाली लिहिलं: ‘तिसरं पाऊल आता पुरतं. डावीकडे वळताना गुडघा वाकतो, दमल्यावर मात्र पुन्हा ताठ होतो. तिसऱ्या पिरियडमध्ये चार वेळा.’

कोचनी कागद चष्म्याजवळ धरून वाचला. खिशातून लाल पेन काढलं आणि एकच शब्द खोडला, ‘आता’.

“वर तारीख आहे,” ते म्हणाले आणि कठड्याला धरून उठायला लागले.